जाळ्याला कायदा, भिंतीला सलामी : खाप्याच्या नदीतून समुद्राकडे जाणाऱ्या एका बंद वाटेचा इतिहास

१.
नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा वसले आहे. या गावाची ओळख सांगताना हातमागाचे विणकर येतात, इंग्रजी अमदानीतील नगरपालिका येते, परिसरातील मँगनीजच्या खाणी येतात. नदी येते ती केवळ गावाचा पत्ता सांगण्यापुरती. या धाग्याचे म्हणणे वेगळे आहे. कन्हान हा खाप्याला बंगालच्या उपसागराशी जोडणारा जुना रस्ता होता आणि त्याचे वाटसरू जलचर होते. तो रस्ता बंद झाला. ‘त्या काळी कोणाला कल्पना नव्हती’ असे त्याचे समर्थन केले जाते. कागदपत्रे पाहिली तर ते समर्थन टिकत नाही.

२.
आधी वाट समजून घ्यावी. कन्हान छिंदवाडा जिल्ह्यातील सातपुड्यात उगम पावते. खाप्यावरून ती कामठीकडे जाते. तेथे तिला कोलार आणि पेंच मिळतात. पुढे आंभोऱ्याला ती वैनगंगेत विलीन होते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते आणि ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी राजमहेंद्री आणि धवळेश्वरम ओलांडून समुद्र गाठते. मराठी वाचकाला आंभोरा ठाऊक आहे ते मुकुंदराजांमुळे, कारण परंपरा ‘विवेकसिंधू’चे नाते या संगमाशी जोडते. जलचरांच्या दृष्टीने आंभोरा हा चौक होता. समुद्राकडून आलेल्याला तेथून कन्हानची वाट धरता येत असे.

३.
या वाटेचे दोन लांब पल्ल्याचे प्रवासी विशेष आहेत. पहिला ईल, ज्याला मराठीत ठिकठिकाणी अहीर म्हणतात. याचा जन्म समुद्रात होतो. काचेसारखी पारदर्शक पिल्ले नदीमुखाशी येतात, प्रवाहाविरुद्ध वर चढतात, गोड्या पाण्यात कित्येक वर्षे वाढतात आणि आयुष्याच्या शेवटी एकदाच अंडी घालण्यासाठी समुद्राकडे परततात. दुसरा गोदावरीचा मोठा झिंगा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ हेन्री मिल्न-एडवर्ड्स याने १८४४ मध्ये त्याला ‘माल्कमसोनी’ हे शास्त्रीय नाव दिले. झिंगा नदीत वाढतो, पण त्याच्या अळ्यांना खाडीचे मचूळ पाणी लागते. एकाला जन्मासाठी समुद्र हवा, दुसऱ्याला बाल्यासाठी खाडी. दोघांनाही मोठे होण्यासाठी नदी हवी. मध्ये भिंत उभी राहिली की दोघांचेही आयुष्य अर्ध्यावर तुटते.

४.
समुद्रापर्यंत न जाणारे, पण नदीतल्या नदीत स्थलांतर करणारे मासे याहून अधिक. महसीर, शिवडा यांसारखे मासे पावसाळ्यात वरच्या प्रवाहांकडे किंवा पूर आलेल्या उथळ पाण्याकडे सरकतात आणि तेथे अंडी घालतात. मराठी भाषेला हे ज्ञान नवे नाही. पहिल्या पुराबरोबर ओढ्याने वर येणाऱ्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. कोकणात त्याच काळातल्या पकडीला ‘वलगण’ हा शब्द आहे. ज्या भाषेत माशाच्या प्रवासासाठी स्वतंत्र शब्द घडले, त्या भाषेच्या राज्यात माशांचा प्रवास कोणाला माहीत नव्हता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

५.
हे ज्ञान विज्ञानाच्या दप्तरातही पोहोचले होते. कर्नल विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने दिलेली शास्त्रीय नावे वाचून पाहावीत : खुद्री, कोलुस, पोटेल, बोगट, फुलुंगी. ही लॅटिन नाहीत. स्थानिक मासेमारांच्या तोंडची नावे आहेत. दख्खनी महसीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ याच नावाने ओळखला जातो. ज्यांनी ती नावे उच्चारली त्यांच्यापैकी मात्र एकाचेही नाव प्राणिशास्त्राच्या परंपरेत उरले नाही. शब्द घेतला आणि सांगणारा गाळला, ही या इतिहासातील पहिली चूक. पुढच्या चुका तिच्याच पायावर उभ्या आहेत.

६.
विदर्भात हे सांगणारे लोक म्हणजे ढिवर. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात ढिमरांचे प्रकरण आहे. त्यात मासेमारी आहे, पालखी वाहणे आहे, शिंगाड्याची लागवड आहे. एखाद्या समाजाचे धंदे, चालीरीती आणि आख्यायिका टिपून ठेवण्याची ही वसाहतकालीन पद्धत होती. त्या समाजाकडे नदीविषयी काही शास्त्र असेल, हा प्रश्न अशा ग्रंथांच्या चौकटीत बसत नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासलेखनानेही ती चौकट फारशी मोडली नाही. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळींना निदान प्रादेशिक इतिहासात मानाचे पान मिळाले. त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्या ढिवरांना तळटीपही क्वचितच मिळाली.

७.
आता भिंतीकडे वळू. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात मोठा बंधारा बांधला गेला. त्रिभुज प्रदेशाची शेती त्याने पालटली. आंध्रात कॉटनला आजही कृतज्ञतेने स्मरले जाते आणि ती कृतज्ञता निराधार नाही. परंतु सिरोंच्याहून, भंडाऱ्याहून, खाप्याहून पाहिले तर याच बांधकामाने समुद्राच्या दारात पहिला अडसर घातला. विदर्भातील कोणत्याही धरणाच्या आधी, विदर्भाबाहेर शेकडो किलोमीटर दूर, विदर्भाच्या नद्यांचा इतिहास बदलला. प्रांतांच्या सीमा पाहून लिहिलेल्या इतिहासात ही घटना विदर्भाच्या प्रकरणात येतच नाही.

८.
या बंधाऱ्यांमुळे मत्स्यसंपत्तीचे नुकसान होत असावे, ही शंका १८६० च्या दशकातच उपस्थित झाली आणि ती उपस्थित करणाऱ्यांत स्वतः आर्थर कॉटन होता. चौकशीचे काम मद्रासच्या लष्करी सेवेतील शल्यवैद्य फ्रान्सिस डे याच्याकडे आले. पुढे तो हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातील माशांवरचा त्याचा अहवाल १८७३ चा आहे. बंधारे माशांची वाट अडवतात आणि त्यांत वाट ठेवणे आवश्यक आहे, हे त्याने स्पष्ट मांडले. त्याच अहवालात त्याने देशी मासेमारांच्या बारीक जाळ्यांनाही दोष दिला. सरकारपुढे दोन शिफारशी आल्या : भिंतीला वाट ठेवा, जाळ्याला माप ठेवा.

९.
सरकारने कोणती शिफारस उचलली, ते पाहण्याआधी आणखी एक कायदा पाहावा. इंग्लंडमध्ये १८६१ साली सामन माशासंबंधी कायदा झाला. सामन असलेल्या नदीत नवा बंधारा बांधायचा तर त्याला मत्स्यवाट जोडणे त्या कायद्याने बंधनकारक केले. म्हणजे ज्या संसदेच्या अधिकाराखाली हिंदुस्थानचा कारभार चालत होता, त्याच संसदेने स्वतःच्या देशातील माशासाठी ही काळजी घेतली होती. तंत्र माहीत होते, कायद्याची भाषा तयार होती, नमुना समोर होता.

१०.
मग १८९७ मध्ये हिंदुस्थानचा मत्स्य कायदा आला. सुरुंगाने मासे मारणे गुन्हा ठरला, पाण्यात विष कालवणे गुन्हा ठरला. जाळ्यांचा प्रकार आणि माप ठरवण्याचे, पाण्यात रोवलेल्या सापळ्यांवर आणि बांध घालण्यावर नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले. सुरुंग आणि विष यांवरील बंदी योग्यच होती. पण सरकारी बंधाऱ्यात मत्स्यवाट ठेवलीच पाहिजे, असे एकही कलम त्या कायद्यात नाही. इंग्लंडच्या सामनला १८६१ मध्ये जे मिळाले, ते गोदावरीच्या झिंग्याला १८९७ मध्येही मिळाले नाही. डेच्या दोन शिफारशींपैकी गरिबाच्या हातातील जाळ्यापर्यंत पोहोचणारी तेवढी कायद्यात उतरली आणि सरकारच्या स्वतःच्या हातांना बांधणारी मागे राहिली.

११.
हा दोष केवळ परक्या सरकारचा नव्हे. कावेरीवरील मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. मद्रासच्या मत्स्य विभागाचे प्रमुख राहिलेले बी. सुंदर राज यांनी १९४१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्याचा विषय धरणे आणि मत्स्यव्यवसाय असा होता आणि मेट्टूरपासून भारताने कोणते धडे घ्यावेत, हे त्यांनी शीर्षकातच घातले होते. स्वातंत्र्य सहा वर्षांवर होते. मोठ्या धरणांचे युग यायचे होते. धडा लिहून तयार होता आणि तो एका भारतीय शास्त्रज्ञाने, भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात, भारताला उद्देशून लिहिला होता.

१२.
१९७५ मध्ये गंगेवर फराक्का बॅरेज सुरू झाले. त्यापूर्वी समुद्रातून निघालेला हिलसा अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे जात असे. बॅरेजनंतर गंगेच्या मधल्या टप्प्यातील हिलसाची मासेमारी कोसळली. ही घटना गुप्त नव्हती. मत्स्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती उदाहरण म्हणून शिकवली जाऊ लागली. गोदावरीचे मुख, कावेरी, गंगा अशी तीन उदाहरणे देशापुढे होती, तेव्हा वैनगंगेची पाळी आली.

१३.
२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टरांच्या आसपास सिंचनक्षमता, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा : हे आकडे विदर्भातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. या धरणात खालून येणाऱ्या माशाला वर चढून जाण्याची सोय नाही. कन्हान-वैनगंगा संगम धरणाच्या वरच्या बाजूला असल्यामुळे गोसीखुर्दची भिंत जितकी भंडाऱ्याची, तितकीच ती खाप्याचीही आहे. वैनगंगेकाठचे ढिवर गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की धरणाच्या वरच्या अंगाला मोठा झिंगा आणि अहीर दिसेनासे झाले. १८७३ मध्ये डेने जे लिहिले, तेच ते सांगत आहेत.

१४.
येथे पहिला आक्षेप येतो : ‘मासेमारांनीच अतिरेक केला, बारीक जाळी लावली, म्हणून मासे संपले.’ या आक्षेपाचे वय दीडशे वर्षांचे आहे आणि त्यात थोडे सत्यही आहे. बारीक जाळे पिल्ले मारते. पण एक साधी कसोटी लावून पाहावी. गोदावरीतील हिलसा, ज्याला तेलुगू लोक पुलासा म्हणतात, आजही पावसाळ्यात राजमहेंद्रीच्या खालच्या पट्ट्यात पकडला जातो आणि डोळे विस्फारतील अशा भावाने विकला जातो. जाळी तेथेही आहेत, हावही तेथे कमी नाही. तरी मासा दरवर्षी भिंतीच्या पायाशी येतो. जाळ्याने मासा कमी होतो. एका विशिष्ट रेषेच्या वर तो संपूर्ण नाहीसा होतो तेव्हा त्या रेषेवर काय उभे आहे, ते पाहावे लागते.

१५.
दुसरा आक्षेप : ‘सरकार मत्स्यबीज सोडते, जलाशयात मासळी भरपूर आहे.’ याचाही इतिहास आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शोध मोठा होता; त्याने कोट्यवधींच्या ताटात मासा आणला. पण त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. बीज हौदात तयार होऊ लागले, तशी नदीची वाट प्रशासनाला अनावश्यक वाटू लागली. कटला, रोहू सोडून जलाशय भरता येतो. समुद्रातून येणारा अहीर असा भरता येत नाही. शिवाय जलाशयातील मासळीला ठेका, संस्था आणि बीजाचे भांडवल लागते. चढणीच्या माशाला केवळ जाळे आणि पाऊस लागत असे. एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवली गेली, इतकेच घडले नाही. त्या वस्तूवरचा हक्कही हातांतून हातांत गेला.

१६.
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : ‘शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी काढून माशाला द्यायचे काय?’ विदर्भात हा प्रश्न हलकेपणाने घेता येत नाही. पण तो चुकीचा मांडला जातो. मत्स्यवाटेला नदीचा सगळा प्रवाह लागत नाही. योग्य ऋतूत, योग्य उताराची सोय लागते. उघडता येणारी भिंत ही महाराष्ट्राला परकी कल्पनाही नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात, पूर निघून जाऊ देतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा बसवून पाणी अडवतात. माशाचा वर चढण्याचा काळही नेमका पावसाळाच. कमी उंचीची भिंत वर्षातून चार महिने रस्ता मोकळा करू शकते, हे या राज्याच्या पाटबंधारे खात्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उंच धरणाचे दरवाजे उघडले तरी माथ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यातून मासा चढू शकत नाही. तेथे वेगळी वाट बांधावी लागते. दोन्हीचे तंत्र वेगळे, तत्त्व एकच.

१७.
भिंत हे एकमेव कारण नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कन्हानच्या पात्रातून वाळू उपसली जाते. कोलारवाटे औष्णिक वीज केंद्रांची राख खाली येते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळा येथील बांध फुटला, तेव्हा नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही त्याची झळ बसली. नाग नदी शहराचे सांडपाणी कन्हानमार्गे गोसीखुर्दपर्यंत नेते. पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे आहेत. सावनेर तालुक्यातच कोच्छी येथे कन्हानवर बॅरेज आहे. खाली प्राणहिता-गोदावरी संगमाजवळ २०१९ मध्ये मेडिगड्डा बॅरेज सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. पण ही यादी भिंतीला दोषमुक्त करत नाही. घाण झालेली नदी पुढे स्वच्छ करता येते. तोपर्यंत परत येणारा मासाच उरला नसेल, तर स्वच्छ पाण्यात येणार कोण?

१८.
परत येणे शक्य असते, हे सांगणारी उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे तेथील आदिवासी राष्ट्रांच्या दीर्घ लढ्यानंतर २०२३-२४ मध्ये पाडण्यात आली. शेवटची भिंत निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सामन जुन्या धरणाच्या जागेच्या वर पोहोचलेला आढळला. सर्वांत जुनी भिंत शंभर वर्षांहून अधिक काळ उभी होती. मासा वाट विसरला नव्हता. गोसीखुर्द पाडा, असा याचा अर्थ नव्हे. त्या पाण्यावर आज शेती आणि गावे अवलंबून आहेत. अर्थ इतकाच की ‘आता काय उपयोग’ हे वाक्य उच्चारण्याची घाई करू नये.

१९.
हे भूतकाळाचे प्रकरण नाही. गोसीखुर्दमधून वैनगंगेचे पाणी बुलढाण्यातील नळगंगेपर्यंत नेणाऱ्या सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या नदीजोड प्रकल्पाची तयारी सुरू आहे. नदीची चर्चा पुन्हा घनमीटर, हेक्टर आणि कोटी या तीनच एककांत होत आहे. या वेळी तरी चौथा प्रश्न विचारला गेला पाहिजे : या रचनेत माशाची वाट कोठे आहे? नव्या बॅरेजला मत्स्यवाट सक्तीची हवी, जुन्यांच्या दरवाजांचे वेळापत्रक चढणीच्या काळाशी जुळवले पाहिजे आणि ते ठरवणाऱ्या समितीत ढिवराची खुर्ची हवी. १८७३ पासून पडून असलेली ही शिफारस आहे. ती मागणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. उशिरा का होईना, अपुरे काम पुरे करणे आहे.

२०.
इतिहासाच्या विद्यार्थ्यांवरही यात एक जबाबदारी येते. किल्ले, सनदा आणि ताम्रपट यांच्याइतकेच हे साधन आहे आणि ते झपाट्याने नाहीसे होत आहे. भंडाऱ्यात मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या सोबतीने तलावांतील वनस्पतींचे आणि माशांचे ज्ञान नोंदवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे; नदीसाठी, आणि प्रत्येक काठच्या गावासाठी, तसे व्हायला हवे. खाप्याच्या काठावर ज्या वृद्धांनी धरणाआधीची कन्हान पाहिली, त्यांच्याकडे दफ्तर आहे. कोणत्या नक्षत्रात कोणता मासा वर येई, कोणत्या डोहात थांबे, त्याला गावात काय म्हणत, तो शेवटचा कोणत्या साली दिसला : एवढे चार प्रश्न आणि एक वही पुरते.

२१.
साइक्सने मासेमारांचे शब्द घेतले आणि माणसे सोडली. १८९७ च्या कायद्याने जाळी पाहिली आणि सरकारी भिंत सोडली. १९८८ च्या कोनशिलेने दोन्ही सोडले. पुढच्या वेळी ‘त्या काळी कोणाला माहीत नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला तीन साले सांगावीत : १८६१, १८७३, १९४१. आणि मग खाप्याच्या घाटावर नेऊन विचारावे की यांतले कोणते साल कमी पडले.